मोत्याच्या पोटात काय असतं

राजरत्न उबाळेच्या आईचा, चांगुणाबाईचा, एक दात मोत्यावर मोडला होता. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई मोठ्या घरची असणार. मोठ्या घरची कसली! नवरा बबन बदलापूरला उल्हास नदीत वाळू काढायच्या कामावर होता, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळात हात घालून घमेलंभर शिंपले घरी आणायचा. ते उकडायचे, कांदा-मिरचीवर परतायचे आणि भाकरीशी खायचे. अशाच एका जेवणात तिच्या दाढेखाली खडा आला, कडकन वाजलं, आणि तिने तोंडातून दोन वस्तू हातावर काढल्या. एक दाताचा तुकडा होता आणि दुसरा मोती.

मोती तरी कसा, तर ज्वारीच्या दाण्याएवढा, एका अंगाला चपटा आणि रंगाने राखेसारखा. बबनने तो सोनाराला दाखवला. सोनार म्हणाला, मोती आहे खरा, पण नथीत बसणार नाही आणि अंगठीतही शोभणार नाही, ठेवा घरीच. मग तो घरीच राहिला, बामाच्या रिकाम्या डबीत कापसावर. चांगुणाबाई कधीमधी डबी उघडून बघायची आणि म्हणायची, "ह्याच्यापायी दात गेला माझा." त्या बोलण्यात तक्रार कमी आणि मिरवणं जास्त असायचं.

राजरत्न उल्हासनगरच्या कॉलेजात बीएस्सीला गेला. उबाळ्यांच्या घरात एवढं शिकणारा तो पहिलाच. प्राणिशास्त्राला लालवानी सर होते. ते इंग्रजी पुस्तकातलं हिंदीतून सांगायचे, मध्येच मराठीत चिमटे काढायचे आणि चिडले की सिंधीत बोलायचे. एकदा शिंपल्याचा धडा चालू असताना त्यांनी विचारलं, "स्वातीचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, असं किती जणांच्या घरी सांगतात?" निम्मे हात वर झाले. "आणि वाळूचा कण आत शिरला की मोती होतो, असं कोणी कोणी वाचलंय?" उरलेले निम्मे वर झाले.

"दोन्ही गप्पा," सर म्हणाले. "अरे, जो प्राणी जनमभर रेतीत लोळतो, त्याला रेतीच्या एका कणाचं काय कौतुक? थूक देगा बाहर!"

मग त्यांनी सांगितलं ते राजरत्नच्या डोक्यात कायमचं बसलं. एकोणिसाव्या शतकात इटलीत, तुरीन गावाच्या बाजूला, एका शास्त्रज्ञाने तळ्यातले शिंपले उघडून बघितले. ज्या तळ्यातल्या शिंपल्यांच्या अंगात बारीक कृमी जास्त, त्यांच्यातच मोती जास्त निघत होते. म्हणजे मोत्याचं मूळ किडा! पुढे सिलोनच्या समुद्रातल्या कालवांमध्येही कुणाला किडे सापडले. विसावं शतक उजाडता उजाडता इंग्लंडमध्ये आणखी एकाने दाखवलं की किडा नुसता निमित्त असतो. त्याच्याभोवती शिंपल्याच्याच कातडीची एक पिशवी तयार होते आणि मोती घडवते ती पिशवी. किडा मरतो, कधी निसटूनही जातो, पण पिशवी आपली थरावर थर देत बसते.

"आणि हे त्यांना दिसलं कसं?" सरांनी टेबलावर खडू आपटला. "मोती घ्यायचा आणि ॲसिडात ठेवायचा. पण हलक्या ॲसिडात, एकदम हलक्या. घाई केली की मेलात. चुना हळूहळू विरघळतो, कांद्यासारखे पापुद्रे उरतात, आणि मधोमध नशीब असेल तर किडा. मोती गेला, पण मोती का झाला ते कळलं. बोलो, सौदा मंजूर है?"

सौदा करायला आधी मोती तर पाहिजे! राजरत्नकडे होता. तो घरी आला, चप्पल काढायच्या आधी बापाला म्हणाला, "बाबा, तो मोती द्या मला. आत किडा आहे का बघायचंय."

बबन तेव्हा नुकताच कामावरून आला होता. दिवसा नदीत वाळू आणि संध्याकाळी अंबरनाथ एमआयडीसीत ट्रक उतरवणं, असं दुहेरी काम त्याने पोराच्या कॉलेजसाठी धरलं होतं. तो हसला. "आधी शीक," तो म्हणाला. "शिकून झालं की फोड. अर्धवट माणसाच्या हातात चांगली वस्तू देऊ नये."

त्याच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. पोराला चेव यावा म्हणून बाप असंच बोलतात. पण दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली असताना बबन तापाने गेला. ताप म्हणायचा इतकंच. माणूस आतून आधीच संपला होता. राजरत्नने पुस्तकं गाठोड्यात बांधली आणि बाप जिथे ट्रक उतरवायचा, त्याच एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत लागला. वर्षभर काम करू, मग परत कॉलेज, असं त्याने आईला सांगितलं होतं. असं सांगणाऱ्यांपैकी परत गेलेला एक तरी माणूस कुणी दाखवावा!

कंपनीत तो आधी हेल्पर होता. पुढे लॅबमध्ये गेला. रिॲक्टरमधून येणारा माल तपासायचा, काचेची भांडी धुवायची, आकडे लिहायचे. हाताला वळण होतं, डोकं चालत होतं, म्हणून साहेबांनी त्याला केमिस्टच्या खुर्चीवर बसवलं. पण बाकीच्या खुर्च्यांवर सगळे बीएस्सी, एमएस्सी झालेले. राजरत्नला कुणी कधी टोचून बोललं नाही, आणि तेच जास्त टोचायचं. आपल्याला उपकारावर ठेवलंय, कधीही उठवतील, ही भीती त्याच्या मनात घर करून बसली. त्यामुळे काय झालं, तर तो कशालाच नाही म्हणेना.

केमिकल कंपनीचा नियम असा की पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, आल्याशिवाय आधीच्याने जागा सोडायची नाही. रिॲक्टर चालू असतो, तो कुणाची वाट बघत नाही. रिलिव्हर आला नाही की दुसरी पाळी आपोआप गळ्यात. बाकीचे सासू आजारी पाडायचे, गावाला जमिनीचा वाद काढायचे. राजरत्न मान डोलवायचा. शिफ्ट इन्चार्ज हिंदुराव पाटील पाठीवर थाप मारून म्हणायचे, "उबाळे, तुम्ही आहात म्हणून बरं." गरीब बिचारे कुणीही हाका, म्हणतात ते असं. मुक्त विद्यापीठातून बीएस्सी पुरी करायची म्हणून त्याने एकदा प्रवेश घेतला होता. पेपरच्या आदल्या रात्री रिलिव्हर आला नाही, सकाळीही आला नाही, आणि पेपर सुरू झाला तेव्हा राजरत्न ॲप्रन घालून ब्युरेटच्या नळीतले थेंब मोजत होता. त्यानंतर त्याने पुन्हा फॉर्म भरला नाही.

लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. बदलापुरातल्या खरवईतली जुनी खोली बिल्डरने घेतली आणि त्याच जागेवरच्या इमारतीत वन बीएचके मिळालं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी लागल्या, त्यांच्याखालच्या फळीवर बामाची डबी आली. कितीदा तरी त्याच्या मनात यायचं की आज बघूच, आत काय आहे ते. आणि प्रत्येक वेळी बापाचं ते वाक्य आडवं यायचं. शिकून कुठे झालंय? अर्धवट माणसाच्या हातात... तो डबी पुसून परत ठेवायचा.

आता रिटायर व्हायला थोडेच महिने उरले होते आणि कंपनीत माणसं कमी झाली होती. आठवड्यातून दोनदा, तीनदा डबल ड्यूटी. राजरत्न घरी यायचा, जेवता जेवता पेंगायचा, ताटात हात तसाच. बायको संध्या उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायची. ती सकाळी शेअर रिक्षा पकडायला निघताना म्हणायची, "अहो, एक दिवस दांडी मारा की. कंपनी काय बंद पडणारे?" तो म्हणायचा, "आता थोड्यासाठी कशाला?" तीस-पस्तीस वर्षं तो हेच म्हणत आला होता.

अशातच एका संध्याकाळी चांगुणाबाईने विषय काढला. तिचं वय झालं होतं, गुडघे गेले होते, दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायची.

"राजा, तो मोती फोड आता."

"आता?"

"मग कधी? मी पिकलं पान. माझ्या डोळ्यादेखत बघू दे काय हाय त्यात."

"बाबा म्हणाले होते, शिकून झालं की."

"तुझा बाप बोलून गेला आणि मरून गेला. मी सांगते ना. शिकून झालं नाय तरी फोड. रजा काढ, सकाळचा उन्हात बस, नीट बघ. मला पण दाखव."

आई जायची भाषा करते, म्हणजे तिला काही कळलं असणार, असं राजरत्नने धरलं. म्हातारी माणसं अशी अचानक आवराआवर काढतात, हे त्याने पाहिलं होतं. त्या रात्री दमून आला तरी त्याला झोप लागली नाही. इतकी वर्षं आईने डबी जपली. आपण तिला एवढी एक गोष्ट दाखवली नाही तर आपलं जगणं फुकट. आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही बघायचं होतं. आयुष्यात एक तरी गोष्ट आपण पुस्तकातल्या माणसांसारखी, त्यांच्या हाताने, त्यांच्या डोळ्याने केली, असं त्याला मनाशी म्हणायचं होतं.

त्याने कंपनीच्या लॅबमधून साहेबांना विचारून छोट्या बाटलीत ॲसिड आणलं. भिंग घेतलं. जुनं पुस्तक काढून पुन्हा वाचलं. वाटीभर पाण्यात थेंब दोन थेंब ॲसिड, बस. मग रोज बघत राहायचं, घाई करायची नाही. सगळं त्याला पाठ होतं. राहिली एक रजा. ती काही त्याने मागितली नाही. रविवारी सुट्टी आहेच, कशाला मागायची, असा त्याचा हिशोब.

शनिवारी दुपारच्या पाळीला गेला तो रात्री सुटलाच नाही. रिलिव्हर आला नाही. रविवारी सकाळी रिक्षातून खरवईला उतरला तेव्हा त्याला जिना दोन-दोन दिसत होता. संध्या बहिणीकडे गेली होती. गॅलरीत ऊन आलं होतं आणि चांगुणाबाई न्हाऊन, स्वच्छ पातळ नेसून, डबी मांडीवर घेऊन बसली होती. कुणी बघायला येणार असल्यासारखी.

"तू आधी झोप," ती म्हणाली.

"नको. ऊन जाईल. आणि झोपलो तर संध्याकाळीच उठेन." त्याला वाटलं, आज नाही झालं तर पुढचा रविवार कुणी बघितलाय? तिनेही जास्त ताणलं नाही. तिच्या मनात काय होतं ते तिलाच ठाऊक.

त्याने काचेची वाटी घेतली. आधी पाणी घातलं, मग ॲसिड. ॲसिडवर पाणी ओतायचं नाही, पाण्यात ॲसिड ओतायचं, हा नियम झोपेतही मोडायचा नाही असा त्याचा हात घडलेला. नियम मोडला नाही. पण तो हात दुसऱ्याही एका गोष्टीत घडलेला होता. लॅबमधल्या काचेच्या भांड्यांच्या बुडाशी चुन्याचं किटण चढतं, ते काढायला निम्मं पाणी आणि निम्मं ॲसिड घेतात. हजारो वेळा त्याने ते मिश्रण केलं होतं, प्रत्येक पाळीच्या शेवटी, घरी जायच्या आधी. आज पाळी संपली होती, समोर काच होती, हातात बाटली होती. हाताने जे रोज करतो ते केलं. बाटली अर्धी रिकामी झाली आणि राजरत्नला काही खटकलं नाही.

त्याने चिमट्याने मोती उचलला, आईला दाखवला आणि वाटीत सोडला.

चांगुणाबाई आधी खोकली. तिचे डोळे चुरचुरले. "कसला रे वास ह्यो?"

"कसला वास?" राजरत्न म्हणाला. त्याला कसलाच वास येत नव्हता. कंपनीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाचं नाक त्या वासाला कधीच मेलेलं असतं. हलक्या ॲसिडाला वास नसतो, ठसका तर नाहीच नाही, हे त्याला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण तो झोपेतून उठला नव्हता, झोपेतच चालत होता. आई पुन्हा खोकली आणि मग त्याने वाटीत बघितलं.

मोती उकळत्या तेलात टाकलेल्या भज्यासारखा फसफसत होता. गरगर फिरत होता, बुडबुड्यांनी वर येत होता, खाली जात होता आणि प्रत्येक वेळी लहान होत होता.

"अरे! अरे!" राजरत्न ओरडला. त्याने तांब्यातलं पाणी वाटीत ओतलं, वाटी भरून जमिनीवर सांडली, फरशीवर फेस आला. त्याने चमच्याने आतलं गाळून काढायचा प्रयत्न केला. फेस बसला तेव्हा चमच्यात कांद्याच्या सालीच्या चुऱ्यासारखं काहीतरी तपकिरी होतं. भिंग लावलं. पापुद्रा असेल. किड्याची कातडी असेल. चमच्यातलाच मळ असेल. सुईने हलवलं तसा त्याचा बारीक लगदा झाला आणि मग तोही राहिला नाही.

दैव देतं आणि कर्म नेतं, म्हणतात. उबाळ्यांच्या घरात दैवाला कुणी मानत नव्हतं, म्हणून सगळा बोल कर्माच्याच माथी आला.

"निघाला का रे किडा?" चांगुणाबाईने विचारलं. तिला नीट दिसत नव्हतं, ती पुढे वाकली होती.

हो म्हणणं सोपं होतं. तिने विश्वास ठेवला असता, आनंदाने ठेवला असता. राजरत्नच्या ओठावर ते आलंही होतं. पण त्याच्याच्याने बोलवलं नाही.

"माहीत नाही, आई," तो म्हणाला. "माझ्या हातून घाण झाली. ॲसिड जास्त पडलं. आता आत काय होतं, होतं की नव्हतं, कधीच कळणार नाही." त्याने चमचा खाली ठेवला. "बाबा बरोबर बोलले होते. अर्धवट माणसाच्या हातात देऊ नये. तू एवढी वर्षं जपलास, आणि तुझ्या डोळ्यांदेखत मी..."

"माझ्या डोळ्यांचं काय घेऊन बसलास?" चांगुणाबाई एकदम चिडून म्हणाली. तिला असं चिडलेलं त्याने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. "मला काय करायचा होता किडा! मला तर त्या मोत्याचं पण काय नव्हतं."

"मग फोड फोड का म्हणत होतीस?"

तिने पदराने डोळे पुसले. ठसक्याने पाणी आलं होतं की कशाने, कोण जाणे.

"आरशात तोंड बघितलंस का कधी?" ती म्हणाली. "तुझ्या बापाचं शेवटच्या साली अस्संच झालं होतं. डोळे आत, गाल आत, घास हातात आणि मान खाली. मी रोज बघत होते. पण त्याला कधी म्हटलं नाय, की आज जाऊ नको. तुझी फी भरायची होती ना. त्याचा बोल मला अजून लागतो. तुला कितीदा सांगितलं, संध्याने सांगितलं, तू ऐकतोस का? मग म्हटलं, ह्याला त्या मोत्याचं येड हाय. मोती फोड म्हटलं, तर रजा काढील. एक दिवस का होईना, घरी बसंल, निवांत. म्हणून म्हटलं. जाऊ दे मोती. आणि तू डबल ड्यूटी करून आलास त्यो फोडायला!"

राजरत्न जमिनीवर सांडलेल्या पाण्यात तसाच बसून राहिला. तो समजत होता आई चाललीय, म्हणून त्याने घाई केली. ती समजत होती पोरगा चाललाय, म्हणून तिने मोती पुढे केला. त्याला तिच्याकडे बघवेना. शरीरातला सगळा थकवा, इतक्या पाळ्यांचा, एकदमच अंगावर आल्यासारखं झालं आणि आपल्याला उठताही येणार नाही असं त्याला वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. हिंदुराव पाटील होते.

"उबाळे, झोपमोड केली का? दुपारच्याला माणूस नाहीये. दोन वाजता येऊन जा जरा. तुम्ही आहात म्हणून—"

"नाही साहेब," राजरत्न म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला ओळखू आला नाही. "आज नाही जमणार."

राजरत्नने फोन कानाशी धरून ठेवला. आता विचारतील का, कशाला, आजारी आहात का, मग कोण येणार. आता ती सगळी वर्षं, तो उपकार, ती खुर्ची, सगळं निघेल.

"बरं," हिंदुराव म्हणाले. "चंदरला विचारतो मग." आणि फोन ठेवला.

राजरत्न हातातल्या फोनकडे बघत राहिला.

"काय म्हणाला?" चांगुणाबाईने विचारलं.

"बरं म्हणाला."

"आणि?"

"आणि काही नाही. नुसतं बरं म्हणाला, आई," राजरत्न म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.